धर्मनिष्ठांचे मत आणि पक्षाचे हित

(व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय परक्या देशाच्या राजकारणाचा आहे. आपल्या वस्तीत शाळेचा, जागेचा आणि दाखल्याचा प्रश्न उभा असताना वकिलांनी अमेरिकेची निवडणूक कशाला आणली, असे कोणी विचारील तर तो आक्षेप मी रास्तच मानीन. त्याचे उत्तर असे. ज्या कुटुंबाने विचारपूर्वक धर्म बदलला, त्याच्या दारी आज ना उद्या कोणीतरी येऊन म्हणणारच की, “तुमचा धर्म अमुक, म्हणून तुमचे मत अमुक पक्षाला.” अशा मागणीचा परिणाम काय होतो, पक्षाला काय लाभते आणि मतदाराच्या पदरात काय पडते, याचा सुमारे पन्नास वर्षांचा जमाखर्च अमेरिकेत उपलब्ध आहे. ज्या देशातील कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी १९१३ ते १९१६ या काळात अध्ययन केले, त्याच देशाची ही नोंदवही आहे. ती उघडून पाहणे आपल्या हिताचे आहे.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. ज्या पक्षाविषयी मी बोलणार आहे त्याचे नाव रिपब्लिकन पक्ष असे आहे. १९५७ साली आपल्याकडे स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाशी त्याचा नावापलीकडे काही संबंध नाही. अमेरिकेतील हा पक्ष आज पुराणमतवादी पक्ष म्हणून ओळखला जातो, आणि त्याचा सर्वांत भरवशाचा मतदार म्हणजे ‘इव्हँजेलिकल’ म्हटला जाणारा श्वेतवर्णीय ख्रिस्ती समाज होय. बायबल हेच अंतिम प्रमाण आहे आणि प्रत्येकाने स्वतः ख्रिस्ताला शरण जाऊन नवे जीवन स्वीकारले पाहिजे, अशी या पंथीयांची धारणा असते.

आता कायदा पाहू. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाप्रमाणे कोणत्याही सार्वजनिक पदासाठी धर्माची अट घालता येत नाही. १७९१ साली झालेल्या पहिल्या घटनादुरुस्तीने राज्याचा अधिकृत धर्म स्थापन करण्यास काँग्रेसला मनाई केली आणि धर्मपालनाचे स्वातंत्र्य दिले. राज्याला धर्म नसावा, हे तत्त्व तेथे सव्वादोनशे वर्षांहून जुने आहे. परंतु राज्याला धर्म नसला तरी मतदाराला धर्म असतो, आणि तो धर्म मतपेटीपर्यंत त्याच्याबरोबर येतो. कायद्याने दरवाजा बंद केला तरी खिडकी उघडीच राहिली.

हे मतदार पूर्वीपासून याच पक्षाचे होते, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. १९२५ साली टेनेसी राज्यातील डेटन गावी उत्क्रांतीचा सिद्धान्त शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर खटला भरण्यात आला. त्यात बायबलची बाजू घेऊन उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन हे दुसऱ्या, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते होते. १९६० साली जॉन केनेडी यांना ह्यूस्टन येथे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांपुढे जाऊन सांगावे लागले की, आपण कॅथलिक असलो तरी राज्यकारभारात चर्चचा हुकूम चालणार नाही. १९७६ साली जिमी कार्टर हे स्वतःस उघडपणे इव्हँजेलिकल म्हणवणारे गृहस्थ डेमोक्रॅटिक पक्षाकडून अध्यक्ष झाले. म्हणजे सुमारे पन्नास वर्षांपूर्वीपर्यंत या धर्मनिष्ठ मतांची कोणा एका पक्षाकडे कायम नोंद झालेली नव्हती.

मग ती नोंद कशी झाली? येथे मी तुमचे विशेष लक्ष मागतो.

सर्वसाधारण समजूत अशी की, १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘रो विरुद्ध वेड’ या खटल्यात गर्भपाताचा हक्क मान्य केला आणि त्यामुळे धर्मनिष्ठ खवळून उठले. पण कागदपत्र निराळी साक्ष देतात. इव्हँजेलिकल मंडळींच्या सर्वांत मोठ्या संघटनेने, सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने, १९७१ साली ठराव करून काही परिस्थितींत गर्भपातास मुभा देणाऱ्या कायद्याचा पुरस्कार केला होता. निकाल लागताच ही मंडळी रस्त्यावर आली असे घडले नाही.

त्याच काळात दुसरा एक वाद चालू होता. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. त्यानंतर दक्षिणेत श्वेतवर्णीयांसाठी खाजगी शाळा निघाल्या आणि त्यांपैकी अनेक चर्चच्या आश्रयाने चालू लागल्या. आपली मुले कृष्णवर्णीय मुलांच्या शेजारी बसू नयेत, हा त्यांमागचा एक उघड हेतू होता. वेगळ्या रांगा आणि वेगळे पाणवठे पाहिलेल्या समाजाला हे अधिक समजावून सांगायला नको. मिसिसिपी राज्यातील कृष्णवर्णीय पालक न्यायालयात गेले, आणि १९७१ साली असा निर्णय झाला की, वर्णभेद पाळणाऱ्या शाळेला करमाफी मिळणार नाही. १९७६ साली करखात्याने बॉब जोन्स विद्यापीठाची करमाफी काढून घेतली. १९७८ साली खाजगी शाळांसाठी अधिक कडक नियम सुचवले गेले, तेव्हा निषेधाच्या पत्रांचा पूर आला. पुढच्याच वर्षी, १९७९ साली, जेरी फॉलवेल या धर्मोपदेशकाच्या नेतृत्वाखाली ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना उभी राहिली.

धर्मनिष्ठांच्या या राजकीय संघटनेचे मूळ शाळांच्या वादात किती आणि गर्भपाताच्या प्रश्नात किती, याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. तथापि १९८० सालचा रिपब्लिकन जाहीरनामा तुम्ही वाचलात, तर स्वतंत्र शाळांविरुद्ध करखात्याने चालवलेला छळ आपण थांबवू, असे आश्वासन त्यात स्पष्ट सापडेल. बॉब जोन्स विद्यापीठाचा दावा शेवटी १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताने फेटाळला. व्यासपीठावरून बोलली गेली ती श्रद्धेची भाषा. त्या भाषेखाली अनेक ठिकाणी जुन्या वर्चस्वाचे हितसंबंध नांदत होते. ज्याला धर्माच्या नावाने मत मागितले जाते, त्याने हाक कोण मारतो एवढेच पाहू नये. त्या हाकेमागे कोणाची कोणती मालमत्ता सुरक्षित राहते, हेही तपासावे.

१९८० च्या ऑगस्टमध्ये रोनाल्ड रेगन डॅलस येथे हजारो धर्मोपदेशकांच्या मेळाव्यात गेले आणि म्हणाले की, तुम्ही मला पाठिंबा जाहीर करू शकत नाही हे मी जाणतो, परंतु मी तुम्हाला पाठिंबा देतो. या वाक्यामागे कायद्याचे एक कलम होते. १९५४ पासून अमेरिकेत करमाफी घेणाऱ्या धर्मादाय संस्थांना आणि चर्चना उमेदवाराचा प्रचार करण्यास बंदी आहे. (२०२५ च्या जुलैमध्ये मात्र करखात्याने टेक्सासमधील न्यायालयात अशी भूमिका मांडली की, उपासनेच्या प्रसंगी आपल्याच अनुयायांपुढे केलेल्या भाषणाला ही बंदी लागू पडत नाही.) रेगन यांनी त्या वर्षी ४४ राज्ये जिंकली.

मतदारांनी आपला भाग पार पाडला. त्यांना काय मिळाले? १९८१ साली रेगन यांनी सर्वोच्च न्यायालयावर सँड्रा डे ओकॉनर यांची नेमणूक केली, ती या मंडळींना रुचली नाही. शाळांतील प्रार्थना पुन्हा सुरू करणारी घटनादुरुस्ती १९८४ साली सिनेटमध्ये ५६ विरुद्ध ४४ अशी आवश्यक दोनतृतीयांश मतांअभावी पडली. १९९२ साली गर्भपाताचा प्रश्न पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा तो हक्क मुळात कायम ठेवणाऱ्या निकालाचे तिन्ही लेखक रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले न्यायाधीश होते. बारा वर्षे मते दिली, आणि पदरात आश्वासने पडली.

तरीही पक्षाचा लाभ वाढतच गेला, कारण या मतदारांकडे संघटना होती. १९८८ साली पॅट रॉबर्टसन या दूरचित्रवाणीवरील धर्मोपदेशकाने अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी प्रयत्न केला आणि आयोवा राज्यात दुसरे स्थान मिळवले. उमेदवारी मिळाली नाही, पण १९८९ साली त्यांनी ‘ख्रिश्चन कोअलिशन’ स्थापन केली. कोणता उमेदवार कोणत्या प्रश्नावर कोठे उभा आहे हे सांगणारी पत्रके चर्चमधून वाटली जाऊ लागली. तांत्रिकदृष्ट्या तो प्रचार नव्हता. वाचणाऱ्याला मात्र काय करायचे ते कळत होते. १९९४ साली चाळीस वर्षांनंतर प्रतिनिधिगृहाचे बहुमत रिपब्लिकन पक्षाकडे आले.

२००४ ची निवडणूक तर पाठ्यपुस्तकात घालावी अशी आहे. त्या नोव्हेंबरमध्ये अकरा राज्यांत, विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री यांचाच, अशा घटनादुरुस्त्या त्याच दिवशी मतदारांपुढे ठेवल्या गेल्या आणि अकराही मंजूर झाल्या. मतदानोत्तर चाचणीनुसार श्वेतवर्णीय इव्हँजेलिकल मतदारांपैकी सुमारे ७८ टक्क्यांनी जॉर्ज बुश यांना मत दिले. ओहायो राज्यात बुश सुमारे १ लाख १८ हजार मतांनी पुढे राहिले आणि त्या राज्याने अध्यक्षपद ठरवले. गठ्ठा मोठा असण्यापेक्षा योग्य ठिकाणी, योग्य दिवशी हजर असणे किती मोलाचे असते, हे यावरून दिसते.

त्यानंतर २०१६. डोनाल्ड ट्रम्प यांच्या खाजगी आयुष्याकडे पाहता धर्मनिष्ठ लोक त्यांना दूर ठेवतील, असे अनेकांना वाटत होते. परंतु त्यांनी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयासाठी अकरा संभाव्य न्यायाधीशांची नावे छापून जाहीर केली. येथे पक्षकार आणि वकील यांच्यात पहिल्यांदा लेखी करार झाला, असे मी म्हणेन. सुमारे ८० टक्के श्वेतवर्णीय इव्हँजेलिकल मते त्यांना पडली. विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेन्सिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून अवघ्या ७८ हजारांच्या आसपास मतांच्या फरकाने ते अध्यक्ष झाले. त्यांनी तीन न्यायाधीश नेमले आणि २४ जून २०२२ रोजी ‘रो’ चा निकाल रद्द झाला. बेचाळीस वर्षांच्या आश्वासनांनी जे दिले नाही, ते नावानिशी केलेल्या एका मागणीने दिले. ती मागणी मला मान्य आहे असे मी म्हणत नाही. मागणी कशी करावी, एवढेच मी दाखवीत आहे.

आता वहीचे दुसरे पान. मागणी पुरी होताच ती पक्षाच्या गळ्यात धोंडा होऊन बसली. कॅन्सास राज्याने १९६४ नंतर एकाही डेमोक्रॅट उमेदवाराला अध्यक्षपदासाठी पसंती दिलेली नाही. तेथे २ ऑगस्ट २०२२ रोजी गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेण्याचा प्रस्ताव सुमारे ५९ विरुद्ध ४१ टक्क्यांनी पडला. २०२३ साली ओहायोने तो हक्क आपल्या राज्यघटनेत लिहिला. २०२४ साली मिसूरी, मोंटाना आणि ॲरिझोना यांनी ट्रम्प यांना निवडून दिले आणि त्याच दिवशी गर्भपाताचा हक्कही मंजूर केला. पक्षाने त्याआधीच वारा ओळखला होता. सुमारे चाळीस वर्षे जाहीरनाम्यात असलेली गर्भपातावरील देशव्यापी बंदीची मागणी २०२४ च्या जाहीरनाम्यातून गळली. हा प्रश्न राज्यांनी पाहावा, असे ठरले.

आणि धर्मनिष्ठ मतदारांनी काय केले? पुन्हा दहापैकी सुमारे आठांनी त्याच पक्षाला मत दिले.

बंधूंनो, या एका घटनेत माझ्या आजच्या व्याख्यानाचे सार आहे. माझ्या व्यवसायात मुखत्यारपत्र नावाचा दस्तऐवज असतो. विशिष्ट कामासाठी, विशिष्ट मुदतीपर्यंत, हिशेब देण्याच्या अटीवर तो लिहून देणारा माणूस मालकच राहतो. पण जो रद्द न होणारे कुलमुखत्यारपत्र लिहून देतो, त्याची विचारपूस पुढे कोणी करीत नाही. २०१६ साली या मतदारांनी मर्यादित मुखत्यारपत्र दिले आणि काम करून घेतले. २०२४ साली पक्षाने जाणले की, आता हे पत्र परत मागितले जाणार नाही. म्हणून ज्या अटीवर ते लिहिले गेले होते, ती अट पक्षाने खोडली आणि मते मात्र ठेवून घेतली.

पक्षालाही हा सौदा फुकट पडत नाही. एका सर्वेक्षण संस्थेच्या पाहणीनुसार श्वेतवर्णीय इव्हँजेलिकलांचे लोकसंख्येतील प्रमाण २००६ साली सुमारे २३ टक्के होते, ते २०२० पर्यंत १४ टक्क्यांच्या जवळ आले. कोणताच धर्म न सांगणाऱ्यांचे प्रमाण वाढत आहे. संख्येने घटणारा पण नेमाने मतदान करणारा हा गट पक्षांतर्गत उमेदवार निवडताना प्रबळ ठरतो, आणि त्यामुळे कधीकधी असा उमेदवार पुढे येतो की, बाहेरचा मतदार त्याला स्वीकारीत नाही. २०१७ च्या डिसेंबरमध्ये अलाबामा राज्यात हेच झाले. न्यायालयाच्या इमारतीतून दहा आज्ञांचा शिलालेख हलवण्यास नकार दिल्यामुळे २००३ साली मुख्य न्यायाधीशपदावरून दूर केले गेलेले रॉय मूर हे सिनेटसाठी उभे होते. अल्पवयीन मुलींशी गैरवर्तन केल्याचे आरोप त्यांच्यावर झाले. त्यांनी ते नाकारले. श्वेतवर्णीय इव्हँजेलिकल मतांपैकी सुमारे ८० टक्के तरीही त्यांच्याच बाजूला राहिली. पण कृष्णवर्णीय मतदार मोठ्या संख्येने बाहेर पडले आणि मूर सुमारे २२ हजार मतांनी हरले.

कृष्णवर्णीय मतदार हा शब्द आला, तेव्हा त्यांच्याविषयी चार शब्द बोललेच पाहिजेत. हा समाज श्वेतवर्णीयांइतकाच, किंबहुना अधिक धर्मनिष्ठ आहे. बायबल तेच, स्तोत्रे पुष्कळशी तीच. पण त्यांची दहापैकी आठ-नऊ मते दुसऱ्या पक्षाला पडतात. असे का? अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियामध्ये प्रार्थनेच्या वेळी आपल्याला बाजूला सारले जाते हे पाहून रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सहकारी ते चर्च सोडून बाहेर पडले, आणि १८१६ साली आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा स्वतंत्र पंथ उभा राहिला. ज्या मंदिरात मान नाही त्या मंदिरातून बाहेर पडणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक आहे. त्याच परंपरेतील चर्चमधून १९५५ चा माँटगोमेरीचा बस-बहिष्कार चालला, आणि पुढे १९६५ चा मताधिकार कायदा झाला. अटलांटाच्या ज्या एबेनेझर चर्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग धर्मोपदेशक होते, तेथील धर्मोपदेशक रॅफेल वॉर्नॉक २०२१ साली जॉर्जियातून सिनेटवर निवडून आले.

यावरून निष्कर्ष एकच निघतो. ग्रंथ मत ठरवीत नाही. ग्रंथ वाचणारा माणूस समाजाच्या कोणत्या पायरीवर उभा आहे, यावर बरेच काही ठरते. ज्याला वर्चस्व टिकवायचे असते तो त्याच पानात परंपरा वाचतो, आणि ज्याला बेडी तोडायची असते तो तेथेच मुक्ती वाचतो. म्हणून “धर्म धोक्यात आहे” असे कोणी म्हणाला, तर कोणाचा कोणता अधिकार धोक्यात आहे, हा उलटतपासणीचा पहिला प्रश्न असावा.

आपल्या देशाचा कायदा या बाबतीत अमेरिकेहून कडक आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ (३) प्रमाणे धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा या कारणावरून उमेदवाराने मत मागणे हा भ्रष्ट आचार आहे, आणि त्यामुळे निवडणूक रद्द होऊ शकते. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने, मुंबईतील सांताक्रूझ मतदारसंघाच्या १९९० च्या निवडणुकीतून निघालेल्या प्रकरणात, चार विरुद्ध तीन अशा मताने ठरवले की, ही बंदी उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्याही धर्माच्या नावाने केलेल्या आवाहनाला लागू आहे. अल्पमतातील तीन न्यायमूर्तींनी एक इशारा दिला. जात, धर्म वा भाषा यांच्या कारणाने ज्यांच्यावर पिढ्यानपिढ्या अन्याय झाला, त्यांनी तो अन्याय निवडणुकीत बोलून दाखवणे हा लोकशाहीचाच भाग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ‘मी तुमच्या धर्माचा म्हणून मत द्या’ ही एक गोष्ट. ‘आमच्यावर झालेला हा अन्याय दूर करा, मग मताचा विचार करू’ ही दुसरी. पहिलीत मतदार गहाण पडतो, दुसरीत तो फिर्यादी म्हणून उभा राहतो. हा भेद प्रत्येक घरात मुलाबाळांना समजावून सांगा.

शेवटी काही सूचना करतो. कोणी श्रद्धेच्या नावाने मत मागितले, तर त्याच्याकडून काम नावानिशी लिहून घ्या. ‘आम्ही तुमचेच’ हे वाक्य कोणत्याही न्यायालयात पुरावा ठरत नाही. दिलेल्या शब्दाचा हिशेब पुढच्या निवडणुकीपूर्वी मागा, आणि हिशेब न देणाऱ्याला मत नाकारण्याची तयारी ठेवा. ती तयारी आहे हे समोरच्याला दिसले पाहिजे, नाहीतर तिला किंमत नाही. घरातील स्त्रियांनी आपले मत स्वतःच्या विचाराने द्यावे. कॅन्सासमध्ये गर्भपाताचा हक्क सामान्य मतदारांनीच मतपेटीतून राखला, हे विसरू नये. आणि आपल्यापैकीच कोणी विहाराच्या ओट्यावरून ‘धम्माचे मत अमुकाला’ असे फर्मान काढू लागला, तर त्यालाही हीच उलटतपासणी लावा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जो मार्ग आपण घेतला त्याची शिकवणच अशी आहे की, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नये, तपासून पाहावे. मतपत्रिकेला हा नियम लागू नाही, असे कोणी सांगितलेले नाही.

अमेरिकेतील एका मोठ्या श्रद्धावान समाजाने आपले मुखत्यारपत्र एका पक्षाच्या कपाटात ठेवले, आणि आज त्या कपाटाची किल्ली त्या समाजाकडे नाही. आपले मुखत्यारपत्र आपल्याच घरात राहू द्या.

जयभीम.